बादलीत नेमकं काय आहे?

मी एक जुनी झाकणाची बादली आहे. झाकण हरवलं आहे, त्यामुळे मी आता नुसती बादली झाले की झाकण हरवलेली झाकणाची बादलीच राहिले, हे मला ठरवता येत नाही. मित्रांनो, माझं सगळं आयुष्य असंच गोंधळात गेलं. तुम्ही नीट ऐकून घेतलंत तर कदाचित तुम्हीच मला चार गोष्टी समजावून सांगाल.

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. थंड होते न होते तोच माझ्यात पाण्यासारखं नितळ काहीतरी भरलं. मला वाटलं, पाणीच असेल. पण अंगावर मोठ्या अक्षरांचा कागद चिकटवला आणि त्यावर लिहिलं होतं, डेफ, पिऊ नका. पाणी आहे आणि पिऊ नका? पहिल्याच दिवशी माझं डोकं चक्रावलं.

मग मी सोलापूरच्या बाहेर हमरस्त्यावरच्या एका पंपावर आले. पंपावरची माणसं माझ्यातल्या द्रवाला डेफ म्हणत, ट्रकवाले युरिया म्हणत. डिझेलच्या नव्या गाड्यांना ते लागतं. डिझेलच्या टाकीशेजारी त्याची वेगळी छोटी टाकी असते, तिला निळं झाकण असतं. ते संपत आलं की गाडी आधी दिवा लावून सांगते, मग चिडून सांगते, आणि तरीही कुणी ऐकलं नाही तर एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाही. ते धूर स्वच्छ करतं म्हणतात. धूर धुवायला पाणी, हे मला अजून पुरतं पटलेलं नाही.

तिथून मला चनमल्लप्पांनी घेतलं. त्यांचं सोलापुरात चादरींचं दुकान होतं. ते मुलाच्या हवाली करून त्यांनी डिझेलच्या मोठ्या गाडीतलं एक फिरतं घर घेतलं होतं. आत पलंग, शेगडी, मोरी सगळं. त्यांच्या बायकोला, ईरम्मांना, ते मुळीच पसंत नव्हतं. "घर सोडून घरात बसायचं, हे कुठलं शाणपण?" असं त्या म्हणायच्या. पण पलंगावर बसून खिडकीतून बघताना त्यांचा चेहरा खुलायचा, ते मी पाहिलं आहे.

कोकणच्या प्रवासात चनमल्लप्पांनी नरसाळं लावून मला त्या छोट्या टाकीत पूर्ण रिकामं केलं आणि माझी पाठ थोपटली. तेवढंच माझं कौतुक. मग ईरम्मांनी मला घासलं आणि भांडी धुवायचं पाणी भरून मोरीत ठेवलं. अंगावरचा कागद मात्र तसाच राहिला. आता मी डेफ होते की पाणी? मोरीत बसून मी हाच विचार करायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही मैंदर्गीला निघालो. तिथे ईरम्मांच्या थोरल्या बहीण निंगव्वा एकट्या राहत. पडून त्यांचं कंबरेचं हाड मोडलं होतं, उठून बसता येत नव्हतं. माळशिरसला त्यांची लेक श्रीदेवी वाट बघत होती. एवढ्या लांब आडवं झोपवून नेईल अशी गाडी घरात एकच होती, आमची.

अक्कलकोट मागे पडल्यावर गाडीत डेफ संपत आल्याचा दिवा लागला. "मैंदर्गीत मिळंल की," म्हणून चनमल्लप्पा पुढे निघाले. तिथे त्यांनी बाजारात विचारलं, "युरिया हाय का?"

खतांचे दुकानदार शिवपुत्र म्हणाले, "हाय की. किती पोती?"

"पोती न्हाय, गाडीत घालायचाय. पातळ असतोय तो."

"पाण्यात कालवा की मग. युरिया तो युरियाच."

चनमल्लप्पा आयुष्यभर चादरी विकलेला माणूस. त्यांना ते पटलं. मलाही पटलं, मित्रांनो. नाव एकच होतं ना! त्यांनी माझ्यात पाणी घेतलं, खताचे दाणे ओतले आणि काठीने ढवळलं. दाणे विरघळले तसं भर उन्हात माझं अंग गारठलं. अंगावरचा कागद आणि पोटातला ऐवज पुन्हा जुळले, असं वाटून मला फार बरं वाटलं.

शेजारच्या चौघांनी गादीसकट निंगव्वांना उचलून पलंगावर ठेवलं आणि आम्ही परत फिरलो. थोडं पुढे जातो तोच गाडीने शेवटची तंबी दिली. आता बंद केली तर सुरू होणार नाही. चनमल्लप्पांनी गाडी चालू ठेवूनच लिंबाची सावली बघून उभी केली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. निळं झाकण उघडलं, नरसाळं लावलं, मला उचलून तिरकं केलं.

तेवढ्यात खिडकीतून निंगव्वांचा आवाज आला. "बेवु... ईरम्मा, कुणाला गोवर आलाय गं?"

बेवु म्हणजे कानडीत कडुलिंब, हे मला नंतर समजलं. गोवर उतरला की पोरांना लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घालतात म्हणे.

"झाडाखाली हायोत आपण, अक्का," ईरम्मा म्हणाल्या.

"झाडाचा न्हवं. त्येलाचा वास हाय. माज्या आंगुळीचं पाणी काडलंय व्हय?"

ईरम्मा खाली उतरल्या आणि माझ्यात वाकून बघू लागल्या. पाणी गढूळ होतं आणि त्यावर तेलाचा पिवळट तवंग होता. खताच्या दाण्यांना कडुलिंबाचं तेल चोळलेलं असतं. शेतात ते चांगलंच. पण गाडीत?

"अहो, आदीचं असं होतं का?"

"न्हाय. नितळ होतं."

"मग गाडीला ह्ये कसं पाजताय? नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. वाटंत गाडी मेली, तर अक्काला हितनं कोन उचलनार?"

चनमल्लप्पांनी मला खाली ठेवलं, रस्त्याकडेच्या चरात ओतलं आणि निळं झाकण घट्ट लावलं. मग इंजिन जराही बंद न करता अक्कलकोटजवळचा पंप गाठला. तिथला माणूस म्हणाला, "बादली हाय की तुमची. हिच्यात वतू का?"

"न्हाय. सीलबंद डबा दे," ते म्हणाले, आणि मला बाजूला सारलं. माझ्या अंगावर डेफ लिहिलं होतं, डेफ समोर होतं, आणि मी चालत नव्हते. मला फार वाईट वाटलं, पण रागवायचं कुणावर तेही कळेना.

संध्याकाळी गाडी माळशिरसला पोचली. श्रीदेवीने आईच्या गालाला गाल लावला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

चनमल्लप्पांनी मला तिथेच ठेवलं. जाण्यापूर्वी त्यांनी चाकूने माझ्यावरचा कागद खरवडून काढला, मला चारदा घासलं. मित्रांनो, एक विनंती आहे. डबा, बाटली, बादली रिकामी झाली की तिच्यावरचं जुनं नाव पुसा, आणि त्यात जे भराल त्याचं नाव लिहा. आम्हाला बोलता येत नाही हो. आमच्यात काय आहे ते आम्हालाही कळत नाही.

आता रोज सकाळी निंगव्वांचं अंग पुसायला माझ्यात कोमट पाणी घेतात. त्यांची नजर अधू झाली आहे. त्या विचारतात, "काय हाय गं त्यात?"

श्रीदेवी आधी स्वतःचा हात बुडवते, तो हात आईच्या तळहातावर ठेवते आणि म्हणते, "पाणी हाय, अव्वा."

ते ऐकेपर्यंत मलाही खात्री नसते.