मी मावशीचा नंबर शोधला

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या कामाच्या काही ओळी. मला मान असती, तर ती खाली घालूनच मी तुमच्याशी बोलले असते.

माझा जन्म कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे कामगार संगणकावर तक्रार लिहीत. कुणाचे नाव कळणार नाही, असा शब्द त्यांना दिला होता. लिहिणाऱ्याच्या बिल्ल्याच्या नंबराचा 'हॅश' बने, म्हणजे अक्षरांचा एक लांबलचक ठसा. ठशावरून नंबर उलगडत नाही, म्हणून सगळे निर्धास्त होते.

एकदा तक्रार आली, "मोठ्या इस्त्रीची हात अडवणारी जाळी तुटली आहे. कुणाचा तरी हात सापडेल." साहेबांनी जाळीचे नावही काढले नाही. संगणकावर बसणाऱ्या मुलीला म्हणाले, "कोण हा शहाणा, शोधून दे."

"साहेब, ठशावरून नंबर निघत नाही."

"मग सगळ्या नंबरांचे ठसे काढ. कामगार आहेत तरी किती?"

मुलीची नोकरी नवी होती. तिने मला लिहिले. पहिल्या बिल्ल्यापासून शेवटच्यापर्यंत एकेका नंबराचा ठसा काढायचा आणि तक्रारीवरच्या ठशाशी ताडून पाहायचा, एवढेच माझे काम. डोळ्याचे पाते लवायच्या आत मी नंबर पडद्यावर टाकला. मागे उभे असलेले साहेब म्हणाले, "शाब्बास!" मी किती फुशारले! पण नंबर त्या मुलीच्या मावशीचा होता. तिनेच शब्द टाकून भाचीला इथे लावले होते.

मावशीला काढून टाकले. जाताना ती दारात थांबली.

"तूच शोधलंस ना गं?"

मुलगी पडद्याकडे पाहू लागली.

"असू दे. त्या जाळीचं तेवढं बघ बाई. माझ्या जागी आता दुसरी कुणी उभी राहील."

त्यानंतर तक्रारी आल्याच नाहीत. "बघा, सगळे खूश आहेत," असे साहेब पाहुण्यांना सांगतात. ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मित्रांनो, कुणाचे नाव झाकायचा शब्द दिलात, तर तो पाळा. नंबरात एखादा गुप्त शब्द मिसळून मग ठसा काढा, म्हणजे नंबर माझ्यासारखीच्या हाती लागणार नाही. आणि कोण बोलले हे शोधण्याआधी, काय बोलले ते वाचा.

आज सकाळी मुलीने तीच तक्रार पुन्हा लिहिली. खाली ठसा नाही, स्वतःचे नाव लिहिले. मला शोधायला काही उरले नाही. साहेब अजून यायचे आहेत, आणि इस्त्री चालू झाली आहे.