टेकडीच्या पाण्याबद्दलचं लेखी उत्तर

पाणीखात्याच्या मंत्र्यांच्या हातून आयुष्यात एकच काम झालं होतं. टेकडीवरच्या वस्तीत त्यांनी नळ नेला आणि त्याला चक्क पाणीही आलं. सभागृहाला हे कळावं म्हणून त्यांच्याच कार्यालयानं लेखी प्रश्न तयार केला आणि त्याखाली मंत्र्यांच्या मेव्हण्याची सही घेतली. मेव्हणा आमदार होता आणि सही तेवढी त्याला छान जमायची. प्रश्न होता, ‘टेकडीवर पाणी आले, हे खरे आहे काय?’

उत्तरं लिहिणाऱ्या कारकुनानं विरोधकांना वर्षानुवर्षं जे लिहिलं, तेच याही प्रश्नाखाली लिहिलं: ‘हे खरे नाही.’ मंत्र्यांनी सही ठोकली आणि उत्तर छापून सभागृहात वाटलं गेलं.

“अरे, प्रश्न तरी वाचायचास,” मंत्री म्हणाले.

“साहेब, प्रश्न वाचत बसलो तर उत्तरं वेळेत कशी जाणार? तुम्ही तरी उत्तरं कुठं वाचता?”

मेव्हणा म्हणाला, “दाजी, चूक झाली म्हणून सांगून टाका.”

“सांगतो की. मग सभागृहाची दिशाभूल केली म्हणून खुर्ची जाईल. बंगला सोडायचाय, हे तुझ्या बहिणीला तू सांगशील?”



ते उत्तर वाचून विरोधी पक्षाच्या आमदार ताई दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रकारांना घेऊन टेकडीवरचा नळ तपासायला जाणार होत्या. त्यामुळे संध्याकाळीच टेकडीचं पाणी तोडण्यात आलं. खातं इतक्या झटपट काम करतं, हे वस्तीनं पहिल्यांदाच पाहिलं.