योनाची ओवी

मनुबाईला कुणाचं बरं झालेलं बघवत नसे, आणि जावेचं तर मुळीच नाही. निपाणीच्या आमच्या ख्रिस्ती आळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे तिची धाकटी जाऊ मार्था हिनं स्वतःच्या पाटल्या मोडून बेळगावच्या छापखान्यात पुस्तक छापून घेतलं, तेव्हा आम्ही बायका तमाशा बघायला तयारच होतो.

पुस्तक कसलं, तर आगमनकाळातल्या ओव्यांचं. नाताळाआधीचे चार रविवार प्रभूची वाट पाहायची, खचलेल्यांना धीर द्यायचा, ही आमची रीत. त्या ओव्या मनुबाईनं जात्यावर रचलेल्या. तिला अक्षरओळख नव्हती, पण पहाटे तिचं जातं फिरू लागलं की शेजारणी आपलं दळण घेऊन तिच्याकडेच जायच्या. मार्था मिशनच्या शाळेत शिकवायची. तिनं त्या ऐकून ऐकून उतरवून घेतल्या. "छापू का, आक्का?" म्हणून विचारलं, तेव्हा मनुबाईच "छाप की" म्हणाली होती. पुस्तकावर नावही दोघींचं होतं. पण ते मनुबाईला वाचता कुठं येत होतं? पाळकसाहेबांनी भर उपासनेत मार्थाला उभं करून शाबासकी दिली, तेवढी तिला दिसली आणि नाकाला मिरच्या झोंबल्या.

"आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय," ती विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणाली. "पोटी पोर न्हाय, म्हणून पुस्तक जल्माला घातलं बाईनं."

हे बोलणं वाईट होतं. मार्थाला मूल नव्हतं. मनुबाईचा एकुलता योना मार्थाच्याच मांडीवर बसून अक्षरं शिकला, मोठा झाला आणि पलटणीच्या मजुरांबरोबर समुद्रापार बसऱ्याला गेला. जर्मनांशी चाललेली मोठी लढाई नुकतीच संपली होती. योनाची काही खबर नव्हती.

आगमनाच्या पहिल्या रविवारी दुपारी बायकांची प्रार्थना भरली. मार्थानं पुस्तक उघडून चाल धरली:

येशूराया येशील तू, वाट जरा वाकडी कर
दूरदेशी माझा...

इथं ती थांबली. छापताना तिनं नाव गाळून तिथं मोकळी जागा सोडली होती.

मनुबाई ताडकन उठली. "माझा योना कुठं गेला? मार्थे, माझ्या पोराचं नाव पुसलंस?"

"पुसलं न्हाय, आक्का. जात्यावर जी ती बाई आपल्या माणसाचं नाव घेती न्हवं? तशी जागा ठेवली."

"माझी ओवी हाय ती! लोकांची माणसं कशाला त्यात?"

पण नागुबाईला राहवलं नाही. तिचा गुंडू कोलारच्या खाणीत होता. तिनं चाल उचलली आणि मोकळ्या जागी गुंडूला बसवलं:

दूरदेशी माझा गुंडू, त्याचा हात हाती धर

मग तिच्या शेजारणीनं मुंबईच्या गिरणीतल्या भावाचं नाव घेतलं. मी लाजत लाजत नवऱ्याचं घेतलं. ते कुठं होते हे मलाही ठाऊक नव्हतं, पण ओवीत नीट बसले. मनुबाई भिंतीशी उभी राहून धुमसत होती. एकेक नाव आलं की आपल्या घरातलं भांडं कुणी उचलून नेतंय, असं तिचं तोंड व्हायचं.

पाळी फिरत मार्थाकडं आली. तिला भाऊ नव्हता, आणि नवरा बाहेर ओट्यावरच बसलेला. तिनं पुस्तक मिटलं. खालमानेनं, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "दूरदेशी माझा योना..."

माझा! मनुबाई लालबुंद झाली. ओवी नेली, शाबासकी नेली, आता पोरगाही? ती तरातरा जाऊन मार्थासमोर उभी राहिली. मार्था त्या नावाशीच अडली होती, पुढचा शब्द निघेना. मनुबाई तिच्याकडं बघत राहिली. मग मटकन तिच्या शेजारी बसली.

"आसं तोंडातल्या तोंडात काय म्हणतीस?" ती खेकसली. "मोठ्यानं म्हण. बसरा लई लांब हाय."