प्रयागबाईंचा रिपोर्ट

महाडच्या एसटी स्टँडजवळच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर आला, त्यावर अमितानं टाइप केलेला पहिला रिपोर्ट कुडपणच्या प्रयागबाईंचा. म्हातारीला कावीळ झाली होती. रक्त देताना, कागद कधी मिळेल, एवढंच तिनं विचारलं होतं. संध्याकाळी रिपोर्ट तयार झाला, पण कुडपणच्या घाटात दरड कोसळली. वरून कुणी उतरलंच नाही. पुढं कुडपणच्याच एका पेशंटकडून कळलं, म्हातारी गेली.

लॅबचे मालक विनीत सर म्हणत, दरवेळी नवा कागद आखत बसू नकोस. जुना रिपोर्ट उघड, नाव आणि आकडे बदल. अमिता प्रयागबाईंचाच उघडत आली. रोज सकाळी स्क्रीनवर आधी तेच नाव. मध्येच लाइट गेली की टाइप केलेलं सगळं पुसलं जाई आणि मशीन सुरू केलं की प्रयागबाई पुन्हा हजर. एकदा तर बिरवाडीच्या एका कामगाराच्या रिपोर्टवर तेच नाव छापून आलं. आपण ते बदललं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं. सर म्हणाले, दमलीयस तू. तिनं कागद फाडला, पण त्या दिवसापासून पाठीमागं कुणीतरी ताटकळत बसलंय असं तिला वाटे. वळून बघायचा धीर होत नसे.

पावसाळा सरल्यावर एक म्हातारा साखर तपासायला आला. कोंडाजी शेलार, कुडपण. त्याचं नाव घालायला अमितानं फाइल उघडली. म्हाताऱ्यानं वाकून स्क्रीनवरचं नाव एकेक अक्षर लावत वाचलं.

"ही माझी बायको," तो म्हणाला. "शेवटपर्यंत इचारीत व्हती, कागद आला का. काय निघालं व्हतं, बाय?"

अमितानं रिपोर्ट छापून पुढं केला. त्यानं हात लावला नाही.

"मोठ्यानं वाच. तिला ऐकायचं व्हतं."

अमितानं नावापासून वाचायला घेतलं, एकेक आकडा, अगदी शेवटपर्यंत. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, वेळेत मिळाला असता तर ती वाचली असती का. अमिता म्हणाली, माहीत नाही. त्यानं मान डोलावली आणि कागद घडी करून टोपीत ठेवला.

त्याच दिवशी तिनं कोरी फाइल बनवली. ते नाव पुन्हा कधी आलं नाही. पण तेव्हापासून प्रत्येक रिपोर्ट छापण्याआधी ती हळू आवाजात वाचते. कुणाला वाचून दाखवतेस, असं सर विचारतात. ती पुढचं नाव वाचायला घेते.