मुठीतले दाणे

धर्माजीला कोंबड्यांचा तिटकारा होता, आणि काशीदच्या डोंगराकडेला असलेल्या त्याच्या वाडीत ही गोष्ट पोरासोरांनाही ठाऊक होती. त्याची बायको बायजा एकदा माहेराहून पाटीत दोन तलंगा, अंड्यावर यायच्या वयातल्या कोंबड्या, घेऊन आली, तेव्हा तो ओटीवरून उठलाच नाही. पाटीकडे नुसता बघत राहिला.

"राबात शिरतील, रोपं उकरतील, आंगण घाण करतील. पिसवा घरात येतील त्या येगळ्याच."

"तुमी बी आंगणात थुकता," बायजा म्हणाली. "म्हनून मी तुमाला कुनाच्या पाटीत घालून दिलं काय?"

कुडापलीकडे शेजारीण सोनाबाई कान लावून उभी होतीच. ती एवढ्या मोठ्याने हसली की धर्माजी पागोटं उचलून सरळ शेतावर निघून गेला.

कोंबड्या राहिल्या. त्यांची मुलगी राही तेव्हा चार-पाच वर्षांची. तिला तर खेळायला दुसरं काही नकोच झालं. पुढच्या साली एक कोंबडी अंड्यांवर बसली. पिल्लं निघाली, ती त्यांना घेऊन उठली, पण एक अंडं मागे राहिलं होतं. ते उशिरा फुटलं. आतलं पिल्लू ओलं, मान टाकलेलं. आई त्याला जवळ घेईना. राहीने ते परकराच्या ओच्यात घेतलं आणि चुलीजवळ बसून राहिली.

"टाक ते," धर्माजी म्हणाला. "न्हाय जगायचं."

"जगंल," राही म्हणाली.

जगलं. वाढलं तसं तांबडंलाल झालं, म्हणून तिने त्याचं नाव तांबू ठेवलं. संध्याकाळी ते तिच्या मांडीवर झोपायचं. धर्माजी म्हणायचा, "शाळंत घाल त्याला आता. मोठा झाला की अलिबागला कारकून व्हईल." राहीला ते खरंच वाटायचं.

तांबूची एक खोड होती. राहीच्या हातून दाणे टिपून झाले की तो दोन पावलं मागे सरे, मान ताठ करी आणि मानेपासून शेपटापर्यंत सगळं अंग फडाफडा झटकी. बाईमाणूस ओलं लुगडं वाळत घालण्याआधी झटकतं ना, तसं. राही टाळ्या पिटायची. "बा, तांबूनं आंघूळ केली!" धर्माजी तोंड फिरवून हसायचा. हसलेलं दिसू द्यायचा नाही.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या साली वाडीत गोवर आला आणि राही गेली.

मग त्या घरात बोलणं असं उरलं नाही. बायजा चुलीपुढे, धर्माजी ओटीवर. तांबू मात्र राहीला शोधत होता. घरात जाई, माजघरात मान वाकडी करून बघे, मागच्या दाराने बाहेर पडून पुन्हा पुढच्या दाराशी येई. असं पुष्कळ दिवस चाललं. मग एका सकाळी तो आला आणि धर्माजीच्या पायाशी बसला. धर्माजीने त्याला ढकलायला पाय उचलला. उचललेला पाय तसाच राहिला आणि मग हळूच बाजूला टेकला.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बंडीच्या खिशात मूठभर भात असे. कोणी बघत नाही असं बघून तो मूठ खाली धरी आणि उघडी. तांबू दाणे टिपी, मागे सरे, अंग झटकी. तेवढ्या वेळापुरती राही अंगणात असल्यासारखी वाटे.

तांबू त्याच्या मागे शेतावर जाऊ लागला. नांगराच्या तासातले किडे वेचीत तो बैलांच्या चालीने चाले. धर्माजी त्याच्याशी बोले. घरात जो शब्दही बोलत नव्हता तो माणूस कोंबड्याला पाऊसपाणी सांगे. सोनाबाई एकदा बांधावरून ओरडली, "काय रं धर्माजी, पिसवा चावत न्हाय काय आता?" तो म्हणाला, "माझ्या मागं लागलंय, मी काय करू?" बायजाला हे सगळं दिसत होतं. स्वयंपाकघराच्या झरोक्यातून अंगण पुरं दिसायचं. ती काही बोलली नाही. भाताच्या कणगीतलं भात थोडं थोडं कमी होई, तेही तिने कधी विचारलं नाही.

पुढल्या साली भात पोटरीत आलं, लोंबी बाहेर पडायच्या बेतात होती, आणि बायजाने अंथरूण धरलं. ताप उतरेना. रेवदंड्याच्या वैद्याने काढे दिले, लेप दिले, आणि शेवटी दारातून निघताना म्हणाला, "आता देवीला सांग बाबा." ती बरळत होती. बरळताना राहीला हाका मारत होती, आणि हाक मारून झाली की कोणी ओ दिल्यासारखी हसत होती. ते हसू बघून धर्माजी उठला. तो तसाच गावदेवीच्या देवळाकडे निघाला.

सदा गुरवाने देवीच्या पाषाणाला पाणी घातलं आणि ओल्या अंगाला दोन्ही बाजूंना फुलाच्या कळ्या चिकटवल्या. उजवी कळी आधी पडली की देवीचा होकार, डावी पडली की नकार. असा कौल त्या गावात आजा-पणजापासून लावत आलेले.

"काय देशील ते बोल," गुरव म्हणाला.

"बायजा उठली तर नारळ देईन. खणानारळानं वटी भरीन."

कळ्या हलल्या नाहीत.

"कोंबडा देईन. रेवदंड्याच्या बाजारातनं चांगला तुऱ्याचा आणीन."

कळ्या होत्या तिथेच.

गुरव त्याच्याकडे न बघता म्हणाला, "धर्माजी, बाजारातला कोंबडा तुझा काय लागतो? घरचं बोल. जे देताना हात मागं येतो, ते बोल."

गाभाऱ्यात तेलाचा वास होता. धर्माजीने तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी इतकं हळू बोलला की गुरवाला कान पुढे करावा लागला.

"तांबू देईन."

उजवी कळी टपकन पडली.

तिसऱ्या दिवशी बायजाचा ताप उतरला. तिने पेज मागितली. सोनाबाईने देवीच्या नावाने हात जोडले, आणि धर्माजी अंगणात जाऊन तांबूकडे बघत उभा राहिला.

नवस फेडण्याची रीत अशी होती की, देवीपुढे कोंबडा कापायचा आणि त्याचा अळणी रस्सा आधी ज्याच्यासाठी नवस बोलला त्याला पाजायचा. तोवर आजार गेला असं म्हणायचं नाही, तो नुसता दाराबाहेर थांबलेला असतो. धर्माजी आज-उद्या करत राहिला. शेतातलं पाणी काढायचंय, म्हणाला. दसरा होऊ दे, म्हणाला. दसरा झाला, आणि एका दुपारी बायजाला पुन्हा हुडहुडी भरली. गोधडीखाली तिचे दात वाजत होते. त्याने तिच्या कपाळाला हात लावला, उठला, खिशात भात आहे का ते चाचपलं आणि बाहेर पडला.

तांबूला धरावं लागलं नाही. पाय बांधावे लागले नाहीत. धर्माजी पुढे चालू लागला, तसा तो रोजच्यासारखा मागून निघाला. शेताच्या वळणावर तो सवयीने बांधाकडे वळला. धर्माजी वळला नाही हे बघून थांबला, मान वाकडी केली, आणि धावत येऊन त्याच्या टाचेशी लागला. देवळापर्यंत तो आपल्या पायांनी आला.

सदा गुरवाने त्याच्यावर तीर्थ शिंपडलं. आता आणखी एक रीत होती. पाणी पडल्यावर जनावराने अंग झटकलं तर देवीने ते घेतलं. नाही झटकलं तर देवीला ते नको. मग त्याला सुरी लावायची नाही, घरी न्यायचं.

तांबू झटकेना. पाण्याचे थेंब त्याच्या पाठीवरून ओघळले. तो उभा राहिला आणि धर्माजीच्या हाताकडे बघत राहिला. गुरवाने पुन्हा पाणी शिंपडलं. पुन्हा काही नाही.

"घेत न्हाय बग देवी," गुरव म्हणाला. त्याच्याही आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "आनखी येकदा शिंपतो. मग ने घरी. तुझ्याकडं कुनी बोट दावनार न्हाय."

धर्माजीच्या छातीवरून धोंडा उतरावा तसं झालं. घरी न्यायचं. त्याला दिसलं, तांबू टाचेशी आहे, बांधावरून दोघे चाललेत. मग त्याला गोधडी दिसली. गोधडीखाली वाजणारे दात ऐकू आले. देवीला नको असेल तर नवस फिटला की मोडला, हे त्याला कोण सांगणार होतं? आणि चुकलं तर? एक जण तर गेलीच होती घरातून.

तांबू अंग केव्हा झटकतो हे त्या देवळात एकट्या धर्माजीला ठाऊक होतं. गुरवाला नव्हतं.

गुरव तांब्या भरायला वळला. धर्माजी खाली बसला. त्याने खिशात हात घातला, मूठ खाली धरली आणि उघडली.

तांबूने दाणे टिपले. सगळे नाही, थोडे. दोन पावलं मागे सरला. मान ताठ केली आणि मानेपासून शेपटापर्यंत अंग फडाफडा झटकलं.

"घेतलं!" गुरव वळून म्हणाला.

धर्माजीने मूठ मिटली.

रस्सा त्यानेच केला, उजवी मूठ न उघडता, डाव्या हाताने. सोनाबाई मदतीला आली, तिला त्याने दारातूनच परत पाठवलं. डाव्या हातात वाडगा घेऊन तो बायजाजवळ बसला. बायजाने वास घेतला, मग अंगणाकडे बघितलं. कोंबड्या माडाखाली उकरत होत्या.

"सांजंचा आवाज आला न्हाय त्याचा," ती म्हणाली.

तो वाडग्यात बघत राहिला.

"तांबू?"

त्याने मान हलवली.

तिने गोधडी गुडघ्यांवर ओढून घेतली. मग म्हणाली, "राहीचा होता."

"व्हय."

"झटकलं त्यानं आंग?"

"झटकलं."

"आपनहून?"

"व्हय," धर्माजी म्हणाला. "आपनहून."

बायजाने वाडगा घेण्यासाठी हात पुढे केला. तो देताना त्याचा उजवा हात आधाराला पुढे आला आणि उघडला, आणि तिला दिसलं. घामाने भिजलेल्या तळव्याला भाताचे चार-दोन दाणे चिकटले होते. झरोक्यातून तिने ती मूठ रोज उघडताना बघितली होती. दाण्यांनंतर काय होतं तेही बघितलं होतं.

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याने बघितलं नाही. मग तिने त्याची बोटं एकेक करून मिटवली, दाण्यांवर, आणि ती मूठ थोडा वेळ आपल्या हातात धरून ठेवली.

"द्या," ती म्हणाली. तिने वाडगा तोंडाला लावला. मध्ये एकदा थांबली, श्वास घेतला, आणि शेवटच्या थेंबापर्यंत सगळा रस्सा प्याली. धर्माजी समोर बसून तिच्या गळ्याकडे बघत होता. त्याचे डोळे वाहत होते आणि पुसायला उजवा हात त्याच्याने उघडत नव्हता.