उशीच्या अभ्र्यातली चकती

मित्रांनो, बाई गेल्याचं शाळेत कळलं आणि वर्ग सुटले, त्या दिवशी मी त्यांच्या उशीच्या अभ्र्यात होते. मी एक जुनी पुठ्ठ्याची चकती आहे. मोठ्या वर्तुळावर लहान वर्तुळ, आणि मधोमध शर्टाचं बटण शिवलेलं. बाहेरच्या किलोज्यूलच्या आकड्यावर बाण लावा, आतल्या खिडकीत तेवढ्याच ऊर्जेच्या किलोकॅलरी दिसतात; आहाराच्या बोलण्यात त्यांनाच नुसतं कॅलरी म्हणतात. पाठीमागे विजेची युनिटं.

बाई विज्ञान शिकवत. बटण त्यांच्या यजमानांच्या कामाच्या शर्टाचं. ते गिझर दुरुस्त करतात. त्यांच्या लेखी ऊर्जा म्हणजे युनिट, बाकी सगळं पुस्तकातलं.

"पोटभर जेवलो," ते एकदा म्हणाले. "सांग बघू, किती युनिट झाली?"

बाईंनी मला फिरवलं. "एक."

"एवढंच? गिझर अर्ध्या तासात एक खातो!"

"मग तो खादाड. पण अहो, खाऊन घोरत तरी नाही."

वर्गात मला फिरवायला मुलं भांडायची. हाताळून हाताळून माझ्या कडा मऊ पडल्या. "आकड्याआधी माप बघा," बाई बजावायच्या. पुढे फोनवर सगळं मिळू लागलं आणि मी कपाटात पडून राहिले. कुणाला माझी आठवण झाली नाही.

मग बाई आजारी पडल्या. बरं वाटलं की हा धडा घ्यायचा, म्हणून त्यांनी मला मागवून घेतलं आणि पुसट झालेले आकडे पेनानं गिरवायला बसल्या. जमेल तसं, रोज दोन-चार आकडे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज पंधराशे कॅलरी पोटात जायला हव्यात. घरात शक्तीच्या पावडरीचा डबा आला. त्यावर लिहिलेलं होतं, एका ग्लासात पाचशे. यजमानांनी तीन ग्लासांचा हिशेब केला. बाईंना एकेक ग्लास संपवायला अर्धा दिवस लागे. तिसरा संपला की ते रिकामा ग्लास उंच धरून म्हणायचे, "झाले बघ पंधराशे! आता कशी बरी होत नाहीस तेच बघतो."

डब्यावरचे पाचशे किलोज्यूल होते. पंधराशे कॅलरींना बारा ग्लासही कमीच पडले असते. बाईंनी पहिल्याच दिवशी डबा वाचला, मला फिरवलं, आणि मला अभ्र्यात सरकवून दिलं.

डॉक्टर आले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "याहून जास्त जात नाही हो माझ्या घशाखाली."

"मग आग्रह नको," डॉक्टर म्हणाले. "जाईल तेवढंच घ्या."

यजमान तेव्हा स्वयंपाकघरात पुढचा ग्लास ढवळत होते. चमच्याचा आवाज येत होता.

बाई गेल्यावर लेकीनं अंथरूण आवरलं, अभ्रा उलटा केला, आणि मी खाली पडले. यजमानांनी मला उचललं. डबा अजून उशाशी होता. त्यांनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि बाण पंधराशेवर लावला. खिडकीत साडेतीनशेच्या जरा पुढचा आकडा आला.

"अगं, हे काय? मी तिला उपाशी ठेवलं?"

"बाबा, आईनंच बनवलीय ही चकती. तिला कळलं नसेल?"

"मग बोलली का नाही?"

"बोलली असती, तर तुम्ही चौथा ग्लास आणला असता."

त्यांनी बटणावर अंगठा ठेवला. मग म्हणाले, "हसायची गं ती. मी ग्लास उंच धरला की हसायची."

मित्रांनो, कुठलाही आकडा वाचताना त्याचं माप वाचा. आणि माझ्यासारखं काही तुमच्या घरात असेल, तर ते वाळवीला देऊ नका.

आता मी बाहेरच्या टेबलावर असते. शेजारी बाईंचं पेन आहे. यजमान कधीकधी त्याचं टोपण काढतात आणि परत लावतात. हजारापर्यंतचे आकडे बाईंनी गिरवले आहेत. पुढचे अजून गिरवायचे आहेत.