शिळं पाणी

वैशाखात मुकुंदरावांचं पाणी झालं. बरोबर एक हंडा भरला. त्यांच्या बायकोनं, अंबूताईंनी, हंड्यावर ताट झाकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

"ताट सरकव. उकडतंय," हंड्यातून मुकुंदराव म्हणाले.

"सरकवलं की तुम्ही उडता. काल दोन बोटं कमी झालात."

"मग उडायच्या आधी तांब्याभर कढीपत्त्याला घाल. वाळला असेल बिचारा."

जन्मभर त्यांचं हेच. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, आंघोळीचं केळीला. नळ आला की अंबूताई कालचं पाणी मोरीत ओतायच्या, आणि हे बादली घेऊन आडवे यायचे. "अगं, पाणी शिळं होत नाही, माणसं होतात!" पण अंबूताईंना आईनं विहिरीवर शिकवलं होतं, घागर पालथी केल्याशिवाय ताजं भरायचं नाही. आईला जाऊन पन्नास वर्षं झाली, तरी ती भडभड अजून कानात होती.

या खेपेला नळ कोरडा पडला, तसं स्वयंपाकघर रोज चार हात लांबू लागलं. मोरी आणि हंडा जागच्या जागी राहिले. मागचं दार दूर दूर गेलं. बाराव्या दिवशी दारापलीकडचा कढीपत्ता बोटाएवढा दिसू लागला. हंडा अर्ध्यावर आला. अंबूताईंची जीभ टाळूला चिकटली होती.

"एक घोट घे," मुकुंदराव म्हणाले.

"नवऱ्याला पिऊ?"

"जन्मभर रक्त प्यायलीस, आता पाण्याला लाजतेस?"

अंबूताईंनी ताट घट्ट दाबून धरलं. "तुम्ही संपलात तर मी बोलू कुणाशी?"

तेराव्या दिवशी सकाळी नळ खोकला.

"पाणी आलं गं, अंबूताई! भांडी मोकळी करा!" शेजारून झुंबरबाई ओरडल्या.

गल्लीतल्या साऱ्या मोऱ्यांत तळाशी उरलेलं शिळं पाणी भडभडलं. अंबूताई उठल्या, तोवर त्यांचे हात पुढे गेले होते. हातांनी हंडा उचलला होता, कलता केला होता.

"अगं, मोरीत नको!"

त्यांनी हंडा सावरला. तळाशी ओंजळभर उरलं होतं. ते त्यांनी तळहातांवर घेतलं आणि दाराकडे निघाल्या. बोटांच्या फटींतून थेंब गळत होते.

"अंबू, पळ," ओंजळीतून आवाज आला. मग नुसतंच, "अंबू."

मागे नळ धो धो वाहत होता. अंबूताई पळत होत्या, आणि कढीपत्ता अजून बोटाएवढाच होता.